कळवण रस्त्यावरच्या मोरीचा करारनामा

ही हकीकत सांगायचं मी आजवर टाळलं. टाळलं म्हणजे गप्प बसलो असं नाही. उलट या विषयावर मी फार बोललो आहे. नाशकातले नवे कंत्राटदार अजूनही माझ्याकडे येतात. पोटकंत्राटदाराशी करार कसा करावा ते विचारतात. मी त्यांना माझा जुना नमुना देतो आणि तो कसा तयार झाला तेही सांगतो. त्या गोष्टीत एक खाणवाला असतो. तो काम अर्धवट टाकून जातो, मी हात चोळत बसतो, आणि मग शहाणा होऊन कागद करायला लागतो. ऐकणारे माना डोलावतात, चहा पितात, नमुना उतरवून घेऊन जातात.

ती गोष्ट खरी आहे, पण ती तिथे संपत नाही. पुढचा भाग मी कोणालाही सांगितला नाही, घरातसुद्धा नाही. आता लिहिताना ओळ खाली घसरते, थोडं लिहिलं की मान दुखते, आणि लिहून कोणाचं काय भलं होणार असंही वाटतं. तरी लिहितो. ज्या माणसाविषयी हे आहे त्याच्याबद्दल नाशकात जे बोललं गेलं ते खोटं होतं, आणि खोटं होतं हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे.

धंदा वडिलांनी सुरू केलेला. लोकल बोर्डाची लहानसहान कामं आम्ही घेत असू: रस्त्याखालून ओढ्याचं पाणी काढून देणाऱ्या मोऱ्या, विहिरींचे कठडे, शाळेच्या एखाद-दोन खोल्या. सगळं स्वतः करणं शक्य नसे. दगड एकाकडून घ्यायचा, भराव दुसऱ्याने करायचा, बांधकाम तिसऱ्याला उक्तं द्यायचं. वडिलांची रीत ठरलेली होती. माणसाला वखारीच्या ओट्यावर बसवायचं, काम समजावून सांगायचं, दर ठरवायचा आणि मग पानाचं तबक पुढे ओढून अडकित्त्याने सुपारी फोडायची. अर्धी त्याला, अर्धी आपल्याला. सुपारी तोंडात गेली की सौदा पक्का. वडील म्हणत, माझ्या सुपारीवरून कोणी फिरला नाही. हे अगदी खरं नव्हतं. एक-दोघे फिरले होते. पण वडील त्यांची नावं काढत नसत, आणि त्या माणसांना पुढे नाशकात फारसं कोणी उभं करत नसे, त्यामुळे हिशेब बरोबर होई.

सन तीसच्या पुढच्या त्या वर्षांत वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ऐकू मात्र सगळं येई. वखारीला लागूनच राहण्याची खोली होती, तिथे त्यांची खाट टाकलेली असे. धंदा माझ्याकडे आला. मंदीचे दिवस होते. जी कामं मिळत ती मिळवण्यासाठी दर खाली पाडावा लागे. अशात तो खाणवाला, ज्याला मीच सुपारी फोडून दिली होती, देवळालीच्या कँपात लष्करी काम निघालं तसा गाड्या घेऊन तिकडे गेला. माझ्या कामावर दगड नाही, बोर्डाची नोटीस दारात. मी त्याला गाठलं तेव्हा तो म्हणाला, "तुमचं काम लहान हाय शेठ, थांबू शकतं. साहेबाचं थांबत नाय."

माझा एक शाळासोबती नाशिकच्या कोर्टात वकिली करत होता. त्याच्याकडे गेलो. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "लेखी काय आहे?"

"सुपारी फोडली होती."

"मग कोर्टात सुपारी हजर करतोस का? बेलिफ पान घेऊन येईल."

तो हसला आणि मग नीट बोलला. बोर्ड तुला ज्या कलमांनी बांधतं, त्याच कलमांनी तू खालच्या माणसाला बांध, म्हणाला. माझ्याकडचा बोर्डाचा करार समोर ठेवून त्याने माझ्यासाठी मसुदा केला. काम कधी पुरं करायचं, उशीर झाला तर काय, माल कोणी आणायचा. बांधकाम पुरं झाल्यावर एक पावसाळा त्याची जबाबदारी बांधणाऱ्याची. पडलं-झडलं तर स्वखर्चाने परत उभं करायचं. आणि शेवटी: तोंडी सांगितलेली कोणतीही गोष्ट उभयतांवर बंधनकारक राहणार नाही, बदल करायचा तर तो लेखी असावा. आजही माझ्या नमुन्यात ती ओळ तशीच आहे. चांगली ओळ आहे. कागदाने काही वाईट केलं नाही, हे मी या वयात कबूल करतो. अधूनमधून मी कागदालाच दोष देऊन पाहिला आहे.

त्या नमुन्यावर पहिली सही झाली ती मिस्त्रीचाचांची.

मिस्त्री जुन्या नाशकातले. गवंड्यांची टोळी बाळगून होते, आणि आमची दगडी कामं मी रांगत होतो तेव्हापासून तेच करत. वडिलांना ते अण्णा म्हणत, मला छोटे शेठ. माणूस फार साधा वगैरे नव्हता. आवाज मोठा, कुरकुर सतत, आणि स्वतःच्या कामाचं कौतुक दुसऱ्याने करायची वाट कधी पाहत नसत. "माझी भिंत पाडायची तर हत्ती आणा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका वेळी दोन कामं अंगावर घ्यायची आणि दोन्हीकडे "उद्या येतो" म्हणायचं, ही खोडही होती. पण काम उभं राहिलं की त्याच्याकडे पुन्हा बघावं लागत नसे. वडील आजारी पडल्यावर ते दर शुक्रवारी नमाजनंतर येत, खाटेजवळ बसत आणि गावातल्या बातम्या सांगत. वडील नुसते ऐकत. मला वाटतं, आठवड्यातला तेवढाच वेळ वडिलांशी कोणी आजाऱ्याशी बोलतात तसं बोलत नसे.

कळवणच्या रस्त्यावर, वणी ओलांडल्यावर एक ओढा लागतो. त्यावर दगडी मोरी बांधायचं काम मला मिळालं. मी मिस्त्रींना बोलावलं, काम सांगितलं, दर ठरला. त्यांनी सवयीने पानाच्या तबकाकडे पाहिलं. मी कागद पुढे केला.

त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला, स्टँपवरच्या राजाच्या डोक्यावर बोट ठेवलं.

"हे कोण मधी आलं?"

"स्टँप आहे चाचा. त्याशिवाय चालत नाही."

"कोणाचं चालत नाय? आपलं तर चाललंय."

त्यांना उर्दू थोडं वाचता येई, मराठी नाही. मी वाचून दाखवलं. सगळं, एक ओळ न गाळता. माझ्या बाजूने लिहिण्यासारखं फार थोडं आहे, म्हणून हे लिहून ठेवतो. पावसाळ्याचं कलम आलं तेव्हा ते हसले.

"माझी भिंत पडली तर मी बांधीन, हे लिहायला वकील लागला? त्याला विचारा, त्याच्या घरचा हौद कोणी बांधलाय. गळतो काय म्हणावं."

शेवटचं कलम वाचलं तेव्हा मात्र त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. "म्हणजे काय?"

"म्हणजे काम चालू असताना मी काही वेगळं करायला सांगितलं, तर ते लिहून दिलं पाहिजे. नुसतं बोललेलं धरायचं नाही."

"मग मोरीवर आपण बोलायचं नाय? दोघं मुक्यावानी उभे? मी थापी दाखवीन, तुम्ही टोपी हलवा."

वखारीतले गडी हसले. मीही हसलो. मिस्त्री उठून आत वडिलांकडे गेले. "अण्णा," ते मोठ्याने म्हणाले, "तुमचा पोरगा माझ्याकडून कागद करून घेतोय. करू काय?" वडिलांनी डावा हात थोडा उचलला आणि खाली टाकला. कर, असं असेल. जाऊ दे, असंही असेल. मिस्त्रींनी त्याचा अर्थ होकार असा घेतला, बाहेर येऊन उर्दूत सही केली, शाई सुकेपर्यंत कागदावर फुंकर घातली, आणि तबक माझ्याकडे सरकवलं.

"आता सुपारी."

"कागद झाला ना चाचा."

"कागद तुमचा. सुपारी माझी. फोडा."

मी फोडली. अर्धी त्यांना दिली, अर्धी तोंडात टाकली. मला त्या वेळी ती एक गंमत वाटली, म्हाताऱ्या माणसाचं मन राखल्यासारखी.

काम सुरू झालं ते बरं चाललं. पाया खडकाला लागला, कमान बसली. मग मालेगावला मिस्त्रींच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. "चार दिवसांत येतो," म्हणून गेले आणि टोळीतले अर्धे लोकही घेऊन गेले. सगळे एकमेकांचे नातलग. परत आले तेव्हा हातांवरची मेंदी पुसट झालेली होती, आणि माझं डोकं फिरलेलं होतं. बोर्डाला रस्ता ताब्यात द्यायची तारीख मृगाच्या अगोदरची होती. मोरीच्या दोन्ही अंगांना पाणी वळवायला भिंती असतात, त्या अजून व्हायच्या होत्या. मिस्त्रींनी त्या झपाट्याने उभ्या केल्या. झपाट्याने, पण चांगल्या. राहिलं होतं ते भिंतींच्या मागे मुरूम भरून, धुमसाने ठोकून रस्ता वर आणायचं.

मी सायकलवरून उतरलो तेव्हा ते भिंतीवर तळहात ठेवून उभे होते.

"दोन-तीन आठवडे मुरूम टाकायचा नाय," ते म्हणाले. "चुना ओला हाय. मागून रेटा आला तर भिंत पोट काढील."

मला हे ठाऊक होतं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला तेव्हा नीट समजलं नव्हतं, मी नवा होतो. पण मी चुन्याच्या घाणीवर खेळत वाढलेला मुलगा; बैल दगडी चाक ओढतोय आणि खाली चुना दळला जातोय हे बघत माझं बालपण गेलं. चुना घट्ट व्हायला किती वेळ लागतो हे मला कोणी शिकवावं अशी गरज नव्हती.

"दोन-तीन आठवडे कुठून आणू?" मी म्हणालो. "तारीख टळली तर दंड. पुढचं कामही जाईल. उशीर कोणामुळे झाला?"

"लग्न होतं छोटे शेठ."

"लग्न कागदात नव्हतं."

त्यांनी मान खाली घातली. टोळीतले लोक दगडावर बसून भाकरी खात होते, त्यांनीही खाली बघितलं. मी म्हणालो, उद्यापासून मुरूम टाकायला घ्या, हळूहळू टाका, धुमस हलका ठेवा, काही होत नाही. मिस्त्रींनी भिंतीवरचा हात काढून धोतराला पुसला.

"मग लिहून द्या," ते म्हणाले.

"काय?"

"तुमच्या कागदात हाय ना, बोललेलं धरायचं नाय म्हणून. दोन ओळी द्या. मुरूम टाका, असं. आपल्याला वाचता येत नाय, पण खिशात राहील."

त्यात टोमणा होता, पण नुसता टोमणा नव्हता. माझ्या कोटाच्या खिशात वही होती, पेन्सिल होती. लिहायला काही वेळ लागला नसता. पण लिहिलं की ते माझं झालं असतं. उद्या काही झालं तर ती चिठ्ठी कोणाच्या हातात जाईल, हे माझ्या डोक्यात लगेच आलं. वकिलाने मला तेवढं शिकवलं होतं. मी जवळ गेलो आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय चाचा," मी म्हणालो, "आता तुमच्यामाझ्यात चिठ्ठ्या चालायच्या? समोर अण्णा असते तर मागितली असतीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाय मागितली असती," ते म्हणाले, आणि वळून टोळीला हाक दिली, "उद्या मुरूम टाकायचा रे."

त्यानंतर मी आयुष्यात पुष्कळ घासाघीस केली, पुष्कळांना बोलण्यात गुंडाळलं. धंद्यात ते होतं. पण ज्या माणसाला मी कागदाने बांधलं, त्यालाच स्वतःवर कागद येतोय म्हटल्यावर वडिलांच्या सुपारीची आठवण करून दिली, तेवढं हलकं काम दुसरं केलं नाही.

तारीख साधली. बोर्डाच्या ओव्हरसियरने मोरी ताब्यात घेतली. आषाढात वरच्या डोंगरात जोराचा पाऊस झाला, ओढ्याला लोंढा आला, भरावात पाणी मुरलं आणि एका अंगाची भिंत आधी फुगली, मग खाली बसली. माणूस कोणी दगावला नाही. रस्ता खचला, कळवणच्या गाड्या पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच अडकून राहिल्या, बोर्डाकडे ओरड गेली आणि इंजिनीअरसाहेब स्वतः बघायला आले.

पाऊस थांबलेला होता. आम्ही चिखलात उभे होतो: साहेब, ओव्हरसियर, मी, मिस्त्री आणि थोड्या अंतरावर त्यांची टोळी. साहेबांनी काठीने पडलेल्या दगडांचा चुना खरवडून बघितला.

"ओल्या बांधकामावर भराव टाकलाय," ते म्हणाले. "हे कोणी करायला सांगितलं?"

मिस्त्री म्हणाले, "शेठना विचारा."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगितलंत?"

माझ्यापुढे त्या क्षणी काय होतं ते लिहितो, सबब म्हणून नाही. हो म्हटलं असतं तर बोर्डाच्या यादीतून आमचं नाव गेलं असतं. वडिलांनी जमवलेला धंदा त्यांच्या डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत, बुडाला असता. नाही म्हणणं म्हणजे सरळ खोटं बोलणं, आणि ते माझ्याने झालं नसतं, असं मला वाटत होतं. मी स्वतःला सज्जन समजत होतो. म्हणून मी करारनाम्याची घडी पुढे केली आणि म्हणालो, "साहेब, लेखी काही नाही."

यात खोटा शब्द एकही नव्हता.

साहेबांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मला वाटलं, आता मिस्त्री ओरडतील. टोळीतला एक जण पुढे यायला लागला, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं.

"बरोबर हाय साहेब," मिस्त्री म्हणाले. "लेखी काही नाय."

साहेबांनी ओव्हरसियरला सांगितलं, भिंत करारान्वये बांधणाऱ्याने परत उभी करायची, आणि या मिस्त्रीला यापुढे बोर्डाच्या कामावर घ्यायचं नाही, तशी नोंद करा. मग ते मोटारीत बसले. मला म्हणाले, "तुम्ही कागद व्यवस्थित ठेवता. बरं आहे. इथे कोणी ठेवत नाही."

मिस्त्रींनी भिंत बांधली. पाणी उतरल्यावर ओढ्यातून वाहून गेलेले दगड त्यांनी परत वर आणवले. टोळीतले बरेच जण तोवर दुसऱ्या मिस्त्रीकडे गेले होते. ज्याला बोर्डाचं काम बंद, त्याच्याकडे वर्षभर पोट कसं भरणार? जे उरले ते जवळचे नातलग. मी वखारीतून चुना पाठवला, तो गाडीवाल्याने परत आणला. मिस्त्रींनी निरोप दिला होता: कागदात चुना माझ्याकडे हाय.

नाशकात व्हायचं ते झालं. मिस्त्रीची भिंत पडली, ही बातमी माझ्या अगोदर घाणीवर पोचली होती. बुधवार बाजाराचा दिवस. सगळे गवंडी घाणीवर जमत, तिथेच आठवड्याची कामं ठरत. मिस्त्रींच्या टोळीने खरं सांगितलं तरी नातलगांचं बोलणं म्हणून ते कोणी धरत नसे. तिथे त्यांना बघून कोणीतरी म्हणालं, "काय मिस्त्री, हत्ती आला होता का कळवणला?" हे मला आमच्या गड्याने हसत सांगितलं. त्याला वाटलं, मला बरं वाटेल.

भिंत झाल्यावर ते वखारीत आले. शुक्रवार नव्हता. ओट्याखालीच उभे राहिले.

"काम झालं. ओव्हरसियरला दाखवलं."

"बसा चाचा."

"बसत नाय." मग आवाज खाली आणून, आत वडिलांना ऐकू जाऊ नये म्हणून असेल, ते म्हणाले, "साहेबाला काही सांगू नका. बोर्डात अण्णांचं नाव हाय, ते राहू द्या. तुम्ही बुधवारी घाणीवर या. चार गवंडी असतात. त्यांना सांगा, मुरूम टाकायचा हुकूम तुमचा होता. बास. बाकी मला काही नको."

"येतो," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

त्या बुधवारी मी निघालोही होतो. घाणीचं चाक चरचरतं तो आवाज येईल इतक्या जवळ गेलो. तिथे एका दुकानापाशी थांबलो आणि विचार केला, की घाणीवर बोललेलं दिवस मावळायच्या आत ओव्हरसियरच्या कानावर जाईल. हा विचार मी घरूनही करू शकलो असतो. पण तो मला तिथे सुचला, आणि मी परत फिरलो. पुढच्या बुधवारी काम निघालं. त्याच्या पुढच्या बुधवारी निघायचा प्रश्नच आला नाही. मिस्त्रींनी पुन्हा आठवण केली नाही.

त्यांचं शुक्रवारचं येणं बंद झालं. वडील दुपारी दाराकडे बघत राहत. नमाजची वेळ होऊन गेली की डाव्या हाताची बोटं चादरीवर आपटत. शेवटी मी सांगितलं, "मिस्त्रीचाचा मुंबईला गेले आहेत, मोठं काम मिळालंय." वडिलांनी डोळे मिटले. त्यांना पटलं की नाही कोण जाणे. आमच्या ओट्यावरचं सगळं बोलणं भिंतीपलीकडे त्यांना ऐकू येत होतं. त्या दिवशी मिस्त्रींचं ऐकू आलं असेल का, हे मला कधी कळलं नाही. विचारलं असतं तर ते हात उचलून खाली टाकणार, आणि त्याचा मी हवा तो अर्थ काढणार.

पुढच्या हिवाळ्यात वडील गेले. गोदेवर सगळं आटोपून वळलो तेव्हा मागे, लोकांच्या जरा बाजूला, मिस्त्री उभे होते. वहाणा काढून. मी त्यांच्याकडे जायला निघालो, तेवढ्यात बोर्डातले लोक भेटायला पुढे आले. त्यांच्याशी बोलून बघतो तर मिस्त्री निघून गेलेले. बोर्डातले लोक नसते तरी मी काय बोललो असतो, सांगता येत नाही.

माझा धंदा वाढला. प्रत्येक कामाला कागद, प्रत्येक बदलाला चिठ्ठी. खालच्या माणसाने मागायच्या आत मी लिहून देऊ लागलो. लोक म्हणत, हा माणूस सचोटीचा. मिस्त्री गल्लीतली किरकोळ कामं करत: कोणाचा ओटा, कोणाची चूल, पावसाळ्यापूर्वी गच्चीची गळती. रस्त्यात कधी दिसले तर मी सायकल दुसऱ्या गल्लीत वळवत असे. नंतर कळलं, डोळे अधू झाले म्हणून तेही काम सुटलं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या सुमाराला मी एकदाचा त्यांच्या घरी गेलो. दुपार उतरली होती. गल्लीत घरापुढे खाट टाकून ते बसले होते, आणि भोवती चार जण होते. त्यांत दोन चेहरे माझ्या ओळखीचे, घाणीवरचे जुने गवंडी. मी ज्यांच्यापुढे बोलावं असं चाचांना हवं होतं, तीच माणसं.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मी चाचा. अण्णांचा मुलगा."

"छोटे शेठ? खाट सोडा रे. बसू द्या त्यांना."

माझ्यासाठी जागा झाली. आतून चहा आला. त्यांनी घरच्यांची चौकशी केली, वखारीतल्या जुन्या गड्यांची केली. गवंड्यांपैकी एक दुसऱ्याला हळूच काहीतरी म्हणाला. ते मिस्त्रींना ऐकू गेलं असावं, कारण ते माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाले, "मग छोटे शेठ, कागद आणलाय काय? सही अजून येते मला."

सगळे हसले. तेही हसले. त्यात राग नव्हता, निदान मला ऐकू आला नाही.

"नाही चाचा," मी म्हणालो. "कागद नाही आणला."

"मग बोला," ते म्हणाले.

गवंडी माझ्याकडे बघत होते. मिस्त्रींनी कप खाली ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि मान थोडी पुढे केली. त्यांना ठाऊक होतं मी कशाला आलो आहे. मी घरून वाक्य जुळवून आलो होतो, वाटेत ते कितीदा तरी म्हटलं होतं. मला दिसत होतं की एवढं बोललो की हा माणूस आजच्या दिवसात गल्लीभर ताठ मानेने बसेल. आणि मला त्याच वेळी हेही दिसत होतं, की त्यानंतर हे चौघे माझ्याकडे कसे बघतील.

"यंदा गोदेला पाणी कमी आहे," मी म्हणालो.

त्यांनी जरा वाट पाहिली. मग मान मागे घेतली. "हां," ते म्हणाले. "ऐकलं खरं. कमी हाय."

मी चहा संपवला आणि उठलो. त्या थंडीत ते वारले. मला चार दिवसांनी कळलं.

मी जुळवून नेलेलं वाक्य साधं होतं. कोर्टाची भाषा त्यात नव्हती. अजून जसंच्या तसं पाठ आहे, म्हणून इथे लिहितो. त्या गल्लीत, त्या चार माणसांसमोर मला म्हणायचं होतं: "कळवण रस्त्यावरची भिंत चाचांमुळे पडली नाही. चुना ओला आहे, थांबा, असं ते म्हणत होते. मुरूम टाकायला मी सांगितलं. त्यांनी लिहून मागितलं तर मी दिलं नाही, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा लेखी काही नाही, एवढंच म्हणालो. चाचा, माझं चुकलं. मला माफ करा."